मेंदूचे चित्र काय सांगते?



झाडावरून पडलेला गडी असो की मोटारसायकलवरून घसरलेला तरुण, डोक्याला मार लागून माणूस बेशुद्ध झाला की घरच्यांचा प्रश्न एकच असतो : "हा बरा होईल ना?"

पूर्वी साध्या एक्स-रेत कवटीचे हाड दिसे, आतला मेंदू दिसत नसे. गॉडफ्रे हाउन्सफील्ड या इंग्रज इंजिनिअरने ही अडचण दूर केली. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात त्यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. काकडीच्या चकत्या कराव्यात, तसे हे यंत्र सुरी न लावता मेंदूचा एकेक थर दाखवते. हाच आपला सीटी स्कॅन. आत रक्त साचले आहे काय, मेंदू एका बाजूला सरकला आहे काय, हे त्यात काही मिनिटांत कळते. म्हणून जखमी माणसाला दवाखान्यात न्यायला उशीर करू नये.

पण स्कॅन चांगला आला म्हणजे सारे कुशल, असे मात्र नाही बरं का! जोराच्या हिसक्याने मेंदूतले बारीक तंतू तुटतात. ते सीटीत पुष्कळदा दिसतच नाहीत. एमआरआय तिथे अधिक सांगते. शिक्षकबंधुभगिनींनो, डोक्याला मार लागलेला मुलगा शाळेत परतल्यावर विसरू लागला, चिडू लागला, तर त्याला आळशी म्हणू नका. त्याला पुन्हा डॉक्टरांना दाखवा.

आता दुसरी बाजू. चित्र वाईट आले म्हणजे आशा संपली काय? तेही नाही. डॉक्टर चित्राबरोबर रुग्णाचे वय, डोळ्यांच्या बाहुल्या आणि शुद्धीची पातळी पाहतात आणि मगच अंदाज बांधतात. तो अंदाजच असतो.

२००६ साली एड्रियन ओवेन या शास्त्रज्ञाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवल प्रसिद्ध केले. मोटार अपघातानंतर कशालाच प्रतिसाद न देणाऱ्या एका तरुणीला त्यांनी सांगितले, "आपण टेनिस खेळतो आहोत अशी कल्पना करा." एमआरआय यंत्रात तिच्या मेंदूचा नेमका तोच भाग जागा झाला, जो धडधाकट माणसाचा होतो! २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर सांगितल्याप्रमाणे काहीच करू न शकणाऱ्या २४१ रुग्णांपैकी ६० जणांच्या मेंदूने अशी खूण दिली.

अशा तपासण्या अजून सगळीकडे होत नाहीत. परंतु एक गोष्ट आपल्या हातची आहे. रुग्णाच्या उशाशी बसून "आता काही उरलं नाही" असं बोलू नका. त्याला नावानं हाक मारा, घरचं, शेतावरचं सांगा. तो कदाचित ऐकत असेल.