माल कोणाकडून घ्यावा?

बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी नुसती किंमत विचारून बैल घरी आणीत नाही. दात बघतो, खूर बघतो, खांदा चाचपतो, चार पावलं चालवून बघतो, आणि मग रुमालाखाली बोटं धरून सौदा ठरतो. एक बैल देखणा पण खुराने अधू; दुसरा कामाला खंदा पण मारका. मनातल्या मनात तो या गुणदोषांचे वजन करतोच. कारखानदारही माल कोणाकडून घ्यावा हे ठरवताना हेच करतो. ते वजन कागदावर कसे मांडावे, एवढाच आजचा विषय.

अंधेरीला मरोळच्या औद्योगिक वसाहतीत पंपाचे भाग बनवणारा एक लहान कारखाना आहे, असे समजा. त्याला बिडाचे ओतीव भाग लागतात. ते कोल्हापूरहून येतील. तिथल्या शिरोलीच्या आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या या कामासाठी प्रसिद्धच आहेत. राजकोटहूनही येतील. दोन पुरवठादारांचे दर आले. पहिला स्वस्त, दुसरा महाग. मालक म्हणतो, स्वस्त तो घ्या.

पण स्वस्त भाग लेथवर चढवला, अर्धा छिलला आणि आत पोकळी निघाली, तर बिडाचे पैसे परत मिळतील. कारागिराचा वेळ आणि वीज कोण भरून देणार? शिवाय आमचा पावसाळा! 26 जुलै 2005 ला सांताक्रुझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, तो दिवस उपनगरातला माणूस विसरलेला नाही. माल वेळेवर येणे हा इथे स्वतंत्रच गुण धरावा लागतो.

तेव्हा 100 गुण घ्या आणि वाटा. दर्जाला 40, वेळेवर पुरवठ्याला 30, दराला 20, उधारीच्या मुदतीला 10. आता प्रत्येक पुरवठादाराला प्रत्येक बाबतीत दहापैकी गुण द्या. पहिल्याला दर्जात 5, वेळेत 5, दरात 9, उधारीत 8. दुसऱ्याला अनुक्रमे 8, 8, 6 आणि 4. गुणाकार करून बेरीज केली की पहिल्याचे होतात 610, दुसऱ्याचे 720. महाग वाटणारा पुढे गेला.

आता गंमत बघा. दराला 50, दर्जाला 25, वेळेला 15 आणि उधारीला 10 असे वाटप केले, तर पहिल्याचे 730 आणि दुसऱ्याचे 660! माणसे तीच, माल तोच, निकाल उलटा. म्हणून वाटप आधी ठरवावे, दरपत्रकाची पाकिटे मागून फोडावीत. एरवी मेहुण्याची फाउंड्री जिंकेल असे वाटप करणे मुळीच कठीण नाही.

हे वाटप तरी कशावरून करायचे? थॉमस साटी या गणितज्ञाने त्यासाठी एक रीत बसवली. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक 1980 साली निघाले. सगळ्या गोष्टी एकदम तोलू नका, दोन-दोन घ्या, असे ती रीत सांगते. दर्जा वेळेपेक्षा किती महत्त्वाचा? 1 ते 9 मध्ये आकडा सांगा. दर्जा वेळेच्या दुप्पट आणि वेळ दराच्या तिप्पट म्हणालात, तर दर्जा दराच्या सहापट यायला हवा. तुम्ही ‘दोन्ही सारखेच’ म्हणालात, की तुमच्याच बोलण्यातली विसंगती आकड्यांत दिसते. थोडी चालते, फार झाली तर पुन्हा विचार करायचा.

शिक्षक मंडळींच्या ध्यानात एक उणीव आलीच असेल. नुसत्या बेरजेत गणितातला भोपळा भाषेच्या गुणांनी झाकला जातो. म्हणून परीक्षेसारखे इथेही किमान गुण ठेवावेत. दर्जात 4 च्या खाली असेल त्याचा दर बघायचाच नाही.

डिक्सन या अमेरिकी अभ्यासकाने 1966 साली तिकडच्या कारखान्यांतल्या खरेदी करणाऱ्यांना पुरवठादार निवडताना काय बघता, असे विचारले. 23 गोष्टींची यादी होती. दर्जा पहिला आला, वेळेवर पुरवठा दुसरा, दर सहावा. आपल्याकडे मात्र ‘सर्वांत कमी दर’ हा शब्द अजून मंत्रासारखा म्हटला जातो, हे मला बरे वाटत नाही.

तुम्ही म्हणाल, आम्हा खेड्यातल्यांना याचा काय उपयोग? अहो, या तक्त्यात तुमचेही नाव असते! गावच्या शेतकरी कंपनीचा कांदा, बचत गटाच्या पिशव्या, तालुक्याच्या वर्कशॉपातले नटबोल्ट शहरातला व्यापारी घेतो, तेव्हा तोही असेच गुण लावतो. मग दर पाडून देण्याआधी त्याला सरळ विचारा, ‘साहेब, दराला किती गुण आणि वेळेला किती?’ वेळेला जास्त असतील, तर दर उतरवू नका. पावसाळ्याआधी पंधरा दिवसांचा माल भिवंडीच्या गोदामात ठेवण्याची तयारी दाखवा. आणि तुमच्या बाजूनेही एक तक्ता असू द्या. त्यात पहिला रकाना पैसे कधी मिळतात याचा. 2006 च्या कायद्याप्रमाणे नोंदणी केलेल्या लघुउद्योगाच्या मालाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्यावे लागतात. 90 दिवस थकवणाऱ्या गिऱ्हाइकाला त्या रकान्यात किती गुण द्यायचे, ते तुम्हीच ठरवा.