गोळी नको म्हणणाऱ्या मैत्रिणीशी बोलताना



छातीत गाठ लागली तर लगेच दवाखाना गाठायचा, हे आपण या कार्यक्रमात पुष्कळदा बोललो. आज त्याच्या पुढचं बोलू. ऑपरेशन झालं, केमो झाली, शेक झाला, डोक्यावर केस पुन्हा आले. गावाला वाटतं, बाई बरी झाली. तेव्हाच डॉक्टर तिच्या हातात एक छोटी गोळी देतात आणि सांगतात, ही रोज घ्यायची, निदान ५ वर्षं. इथे बाईचं मन मागेपुढे होतं.

का होतं? आमच्या गटांमधल्या बायका काय म्हणतात ते सांगते. "गाठ तर काढली, मग आता गोळी कशाला?" "हार्मोनची गोळी म्हणजे अंगात काहीतरी भलतंच घालणार." "घेतली की अंगाची आग होते." "घरचे म्हणतात, किती दिवस तुझ्या औषधाला पैसे?" यातलं एकही म्हणणं वेडेपणाचं नाही. ज्या बाईने एवढं सोसलं, तिला आणखी सोसायची भीती वाटणारच.

आधी गोळीचं काम समजून घेऊ. आपल्या रानात लव्हाळा असतो. कितीही खुरपला तरी मातीत बारीक गाठी राहतात आणि पाणी मिळालं की फुटतात. ऑपरेशन म्हणजे खुरपणी. डोळ्यांना न दिसणाऱ्या काही पेशी अंगात राहू शकतात. काही जणींच्या कॅन्सरला आपल्याच अंगातलं इस्ट्रोजेन हे स्त्रीहार्मोन पाण्यासारखं पोसतं. टॅमॉक्सिफेनची गोळी वाफ्याचं दारं बंद करते, पाणी पेशीपर्यंत पोचू देत नाही. लेट्रोझोल किंवा अ‍ॅनॅस्ट्रोझोल ही गोळी अंगात ते पाणीच कमी तयार होऊ देते. ती बहुतेक पाळी गेलेल्या बायकांना देतात. म्हणजे नाव हार्मोनचं असलं तरी या गोळ्या हार्मोनला अडवणाऱ्या आहेत. आणि ही केमो नाही.

ही गोळी सगळ्यांना नसते. काढलेल्या गाठीच्या तपासणीत ईआर, पीआर असा रिपोर्ट येतो. तो पॉझिटिव्ह असेल तरच तिचा उपयोग होतो. म्हणून शेजारणीला दिली नाही आणि मला का दिली, याचं उत्तर त्या कागदात असतं. तो कागद जपून ठेवा.

उपयोग किती? टॅमॉक्सिफेनच्या २० अभ्यासांतल्या २१ हजारांहून जास्त बायकांची माहिती २०११ साली एकत्र तपासली गेली. ज्यांचा कॅन्सर हार्मोनवर पोसणारा होता आणि ज्यांनी सुमारे ५ वर्षं गोळी घेतली, त्यांच्यात पुढच्या १५ वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ एक तृतीयांशाने कमी झाले. गोळी थांबल्यावरही फायदा टिकला. आजार कधीच उलटणार नाही अशी हमी कुणी देत नाही. पण ही लहान गोष्ट नाही.

आता त्रासाचं बोलू, कारण तो खरा आहे. अंगातून गरम वाफा येतात, रात्री घामाने अंथरूण भिजतं, मन चिडचिडं होतं. अंगावरून पांढरं जातं किंवा कोरडेपणा येतो, नवऱ्याजवळ जाताना दुखतं. लेट्रोझोलसारख्या गोळ्यांनी सांधे आखडतात, हाडं ठिसूळ होऊ शकतात.

आमच्या एका गटातल्या बाईने चार महिन्यांनी गोळी गुपचूप बंद केली. घरात कुणाला पत्ता नव्हता. बैठकीत पायरी उतरताना गुडघा धरून बसली, तेव्हा बोलली. एकजण लगेच म्हणाली, "अगं, एवढा खर्च केला आणि आता असं करतेस?" ती गप्प झाली. मग आमच्या एक वयस्क काकू तिच्याशेजारी बसल्या आणि विचारलं, "कधी जास्त दुखतं गं, सकाळी का?" तेव्हा तिने सगळं सांगितलं. सकाळी बोटं वळत नाहीत, भाकरी थापता येत नाही, सून काय म्हणेल म्हणून बोलले नाही. दोघी तिच्यासोबत दवाखान्यात गेल्या. डॉक्टरांनी थोडे दिवस थांबवून दुसरी गोळी दिली, कॅल्शियम दिलं, रोज चालायला सांगितलं. दुखणं पूर्ण गेलं नाही, पण ती आता भाकरी थापते आणि गोळीही घेते.

गटाने करायचं ते एवढंच. आधी ऐकायचं, रागवायचं नाही, दुसऱ्या कुणाच्या मरणाची गोष्ट सांगून घाबरवायचं नाही. काय होतं, कधी होतं, ते वहीत लिहायला मदत करायची. मग सोबत जाऊन डॉक्टरांना विचारायचं: माझ्या बाबतीत या गोळीचा फायदा किती? त्रास कमी करायला काय देता येईल? गोळी बदलता येईल का? कोरडेपणाचं बोलायची लाज वाटली तर नर्सताईंना सांगा, त्यावरही उपाय असतो. पैशाची अडचण असेल तर जनऔषधी केंद्रात चौकशी करा, गटातून अंतर्गत कर्ज द्या. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहेच.

काही गोष्टी लक्षात ठेवा. गोळी रोज ठरल्या वेळी घ्यायची, दिवेलागणीला म्हणा. एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. काढा, चूर्ण, झोपेची किंवा मनाच्या आजाराची गोळी, काहीही चालू असेल तर डॉक्टरांना सांगा. काही औषधांनी टॅमॉक्सिफेनचा गुण कमी होतो. वय लहान असेल तर या काळात दिवस राहू द्यायचे नाहीत. त्यासाठी माला-डीसारख्या गोळ्या चालत नाहीत, निरोध किंवा तांबीबद्दल विचारा. आणि एका पायाला सूज येऊन दुखू लागलं, अचानक दम लागला, छातीत दुखलं, तर थांबू नका, लगेच दवाखान्यात जा. पाळी गेल्यावर अंगावर लाल गेलं किंवा पाळी नेहमीपेक्षा वेगळी येऊ लागली, तर तेही डॉक्टरांना लवकर दाखवा. टॅमॉक्सिफेनने क्वचित रक्ताची गुठळी होते, क्वचित गर्भाशयाचा आजार होतो.

गोळी घ्यायची की नाही, हे शेवटी तीच ठरवणार. सगळं विचारून, समजून तिने नाही म्हटलं, तरी ती आपल्या गटातलीच आहे. तपासणीच्या तारखांना तिला सोबत द्या. येत्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले की पाच मिनिटं काढा आणि अशा मैत्रिणीला बाजूला घेऊन विचारा, "गोळीचा काही त्रास होतो का गं?" बाकीच्यांसमोर विचारू नका.