बरू समजून ज्वारी उपटली
(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाचा विषय दुपारच्या सत्रात आहे. आत्ता बोलायचं आहे ते आपल्या खिशातल्या फोनविषयी आणि आम्हां कार्यकर्त्यांच्या हातून झालेल्या एका चुकीविषयी.

२०२४च्या खरिपाच्या तोंडावर तालुक्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक नवा शेतकरी आला. येऊन तास झाला नसेल, त्यानं कापसाच्या बियाण्याच्या पाकिटाचा फोटो टाकला. त्यात विकणाऱ्याचा नंबर, किंमत, सगळं दिसत होतं. त्या आठवड्यात ग्रुपवर जाहिरातींचा नुसता सुळसुळाट होता : घरबसल्या कर्ज, विम्याचे पैसे मिळवायला इथे बोट लावा, निम्म्या किमतीत बियाणं. ग्रुप सांभाळणारे आम्ही वैतागलेलो. आमच्यातल्या एकानं फोटो पाहिला आणि माणूस काढून टाकला. फोटोखाली एक ओळ होती, ती वाचलीच नाही. ओळ अशी होती : हे बियाणं खरं आहे का, कोणी सांगेल का?

तीन आठवड्यांनी तो तालुक्याच्या बैठकीला आला. पाकिटं घेऊन झाली होती, टोबून झाली होती, उगवण निम्मीही नव्हती. नांग्या भरायला पैसा नाही आणि पावसाचा खंड पडलेला. "मी विचारलं होतं," एवढंच म्हणाला आणि खाली बसला. आमच्याजवळ त्यावर बोलायला काही नव्हतं.

कोवळेपणी बरू आणि ज्वारी सारखेच दिसतात. जाणती बाई निंदताना वाकून बुडाशी पाहते, काशा लागली तर बरू. आम्ही उभ्याउभ्याच उपटलं.

हे तण आपल्याच वावरात उगवलं असं मात्र समजू नका. न मागता, शेकडो-हजारो माणसांच्या माथी एकदम मारलेल्या अशा मजकुराला सगळ्या जगात स्पॅम म्हणतात. ते नाव मुळात अमेरिकेतल्या डबाबंद मांसाचं. १९७० साली इंग्लंडच्या दूरदर्शनवर एक विनोदी प्रवेश झाला. खाणावळीतल्या जवळपास प्रत्येक पदार्थात स्पॅम, आणि शेजारचं टोळकं स्पॅम स्पॅम असं इतकं ओरडतं की कोणाचं बोलणं कोणाला ऐकू येऊ नये. नाव तिथून चिकटलं. १९७८ साली एका संगणक कंपनीच्या माणसानं अमेरिकेतल्या सुमारे चारशे लोकांना एकदमच जाहिरात धाडली. १९९४च्या एप्रिलमध्ये दोघा वकील नवरा-बायकोनं अमेरिकेच्या ग्रीन कार्डाच्या सोडतीची जाहिरात हजारो चर्चागटांत एकाच वेळी फेकली. लोक भयंकर चिडले, पण रस्ता सगळ्यांना दिसला.

याचं अर्थशास्त्र आपल्याला कोणी शिकवायला नको. पेरणाऱ्याला बियाण्याचा खर्च नाही, मजुरी नाही, पावसाची वाट पाहणं नाही. निंदणाचा खर्च मात्र सगळा ज्याचं वावर त्याच्या माथी. लाखात एक माणूस फसला तरी त्याचं साधतं. तेव्हा हे आपोआप थांबेल ही आशा नको. प्रश्न एवढाच, की निंदायचं कसं.

पहिला उपाय दारात परीक्षा घेण्याचा. सन २००० च्या सुमारास अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या मंडळींनी वेडीवाकडी अक्षरं वाचायला लावण्याची युक्ती काढली. माणसाला वाचता येतील, यंत्राला येणार नाहीत. तिला कॅप्चा म्हणतात. युक्ती हुशारीची होती, पण अडलं कोण? अधू डोळ्यांचा म्हातारा, इंग्रजी अक्षर न येणारी बाई. आणि २०१४ साली गूगलनं स्वतःच सांगितलं, की सगळ्यात अवघड अक्षरंसुद्धा त्यांचं यंत्र शंभरात नव्व्याण्णवहून जास्त वेळा बरोबर ओळखतं. म्हणजे परीक्षेत यंत्र पास आणि आपली माय नापास! आता चित्रं दाखवतात : यातले सिग्नलचे दिवे ओळखा, आगीच्या बंबाला पाणी देणारे रस्त्यावरचे नळ ओळखा. आमच्या गावात प्यायच्या पाण्याचा नळ तेवढा आहे, तोही दिवसाआड.

खरा धडा विकिपीडियाचा आहे. हा ज्ञानकोश २००१ साली सुरू झाला. कोणीही यावं आणि लिहावं. साहजिकच उपद्रव करणारेही आले. मग तो झटपट पुसून टाकणारी साधनं आली, यंत्रं आली. जागा स्वच्छ राहिली. पण इंग्रजी विकिपीडियावर नियमानं लिहिणाऱ्यांची संख्या २००७ साली शिखराला पोचली आणि तिथून ओसरू लागली. २०१३ साली काही अभ्यासकांनी त्याचं कारण शोधलं. चांगल्या हेतूनं आलेल्या नव्या माणसाचं पहिलंच लिखाण पुसलं जाई, वर यंत्रानं छापलेली ताकीद मिळे. तो परत येत नसे. वाईट माणसाचं काही गेलं नाही, तो दुसऱ्या नावानं आला. गेला तो लाजरा, भिडस्त, पहिल्यांदाच तोंड उघडणारा.

तिथल्या लोकांनी यातून दोन गोष्टी केल्या त्या आम्हाला फार पटल्या. उपद्रव पुसणारं त्यांचं एक यंत्र २०१० पासून चालतं. ते चालवणाऱ्यांनी किती चोर पकडायचे हे आधी ठरवलं नाही. निरपराध किती भरडले तर चालतील ते आधी ठरवलं : हजारात एक-दोन, त्याहून जास्त नको. त्या मर्यादेत सापडेल तेवढं यंत्रानं पकडायचं, उरलेलं माणसांनी डोळ्यांनी पाहायचं. आपण कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस आठ-आठ पतंग मोजतो आणि मगच गुलाबी बोंडअळीवर फवारतो. पहिला पतंग दिसताच पंप पाठीला लावत नाही. निदान लावू नये. दुसरी गोष्ट, २०१२ साली नव्यांसाठी एक वेगळी बैठक उघडली. नाव ठेवलं चहाघर. तिथे काहीही विचारा, जिवंत माणूस उत्तर देईल. ज्यांना तिथे बोलावणं गेलं ते जास्त टिकले, असं पुढे मोजूनही पाहिलं गेलं.

२०१३ पासून चर्चागटांसाठी डिस्कोर्स नावाची एक व्यवस्था निघाली आहे. तिच्यात नवा माणूस पहिल्या दिवसापासून बोलू शकतो. फक्त बाहेरचे दुवे आणि चित्रं मोजकीच टाकता येतात. थोडं वाचलं, चार ठिकाणी डोकावला, की वेसण आपोआप सैल होते. बोलण्यावर बंदी नाही, पत्रकं वाटण्यावर आहे. व्हॉट्सअ‍ॅपनंही हेच केलं, पण जीव गेल्यावर. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला १ जुलै २०१८ रोजी, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या पाच जणांना जमावानं ठेचून मारलं. देशात त्या वर्षी असे प्रकार ठिकठिकाणी झाले. त्याच महिन्यात भारतापुरती मर्यादा आली, एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे धाडता येईल. माणूस तोच, फोन तोच, धाव कमी केली.

आता आमचं. त्या शेतकऱ्याच्या प्रकारानंतर आम्ही आणखी एक चूक केली. ग्रुप बंद केला. म्हणजे फक्त ॲडमिननं लिहायचं, बाकीच्यांनी वाचायचं. महिनाभर एक जाहिरात आली नाही. आणि महिनाभर कोणी लाल्याविषयी विचारलं नाही, कोणी मोंढ्यातला भाव टाकला नाही, कोणी बैल विकायला काढला नाही. आमच्याच सूचना आम्हीच वाचत बसलो. सरकारचं राजपत्र असंच निघतं.

मग पुन्हा उघडला. आता फोटो किंवा दुवा संशयाचा वाटला तर फक्त तो मजकूर पुसतो, माणूस काढत नाही. लगेच त्याला फोन लावतो : दादा, काय विचारायचं होतं? जाहिरातवाला असला तर फोन उचलत नाही, उचलला तर मराठी समजत नाही. दोन जणांनी होकार दिल्याशिवाय कोणाला काढायचं नाही. आणि बियाण्याचा प्रश्न आला तर उत्तर मिळेपर्यंत तो वर ठेवायचा, पेरणीच्या दिवसांत संध्याकाळ उलटू द्यायची नाही.

अजून चुकतं. मागच्या महिन्यात विम्याचा एक खोटा दुवा आमच्या नजरेतून दुपारभर सुटला आणि एका बहिणीनं त्यावर बोट लावलं. बँकेत धावपळ करून खातं वाचवलं. ढिलाईची किंमत काय पडते हेही त्या दिवशी पाहिलं.

यात सगळ्यात जड पडतं ते फोन लावण्याचं काम. चार माणसांना ते पुरत नाही. प्रत्येक सर्कलमधून दोघं हवीत, त्यातली एक बाई असावी, कारण बायका परक्या पुरुषाच्या फोनला उत्तर देत नाहीत. तो उगवण न झालेला शेतकरी आज इथे आला आहे. त्याच्या सर्कलचं काम त्यानं आपणहून मागून घेतलं. वही त्याच्याकडेच दिली आहे. जेवणाच्या सुट्टीत त्याच्याकडे नावं द्या.