दावा कोठे लावावा ?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आपल्या मेळाव्यात गुणी विद्यार्थ्यांचे सत्कार व्हावेत, वधूवरांच्या याद्या वाचल्या जाव्यात, हे रीतीस धरून आहे. त्यात कोर्टकचेरीचा रूक्ष विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. परंतु बांधावरून, वाटेवरून अथवा वाटणीवरून तारखेला गेलेच नाही असे घर आपल्या हिंगोली जिल्ह्यात विरळा. मी व्यवसायाने वकील असलो, तरी आज बोलणार आहे तो एका पक्षकाराचा मुलगा म्हणून.

माझे आजोबा १९६८ साली वारले. आजी त्यांच्या आधीच गेली होती. कयाधूच्या काठी वडिलोपार्जित छत्तीस एकर जमीन. मागे दोन मुलगे आणि एक मुलगी, म्हणजे माझे चुलते, माझे वडील व आत्या. फेरफार झाला तो एकट्या चुलत्यांच्या नावे. वडील तहसिलीत गेले, तेथून डेप्युटी कलेक्टरांकडे, तेथून कलेक्टर कचेरीत. सहा वर्षे लोटली. सातबारावर नाव चढले की जमीन आपली, ही त्यांची पक्की समजूत होती आणि आजही ती घरोघर आढळते. वस्तुतः सातबारा हा महसुलाचा कागद आहे. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणे त्यातील नोंद उलट पुरावा येईपर्यंत खरी धरतात, इतकेच. मालकी कोणाची, हिस्सा किती, हे ठरविणे दिवाणी न्यायालयाचे काम.

हे दोन मार्ग जन्मतःच वेगळे आहेत. तहसीलदार, उपविभागीय अधिकारी, जिल्हाधिकारी व आयुक्त ही महसुलाची शिडी. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर, जिल्हा न्यायाधीश व उच्च न्यायालय ही न्यायाची शिडी. मात्र काही दावे खुद्द तहसीलदारांकडेच जातात, हे विसरू नये. शेतात जाण्याची वहिवाटीची वाट कोणी अडविली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय कायद्याखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे जावे. कुळाचा वाद असेल तर मराठवाड्यापुरता १९५० चा हैदराबाद कूळकायदा लागू आहे. अमुक मनुष्य कूळ आहे की नाही, हा प्रश्न दिवाणी न्यायालयाला स्वतः सोडविता येत नाही. तो महसूल अधिकाऱ्याकडेच पाठवावा लागतो.

दिवाणीत शिरल्यावर दुसरा प्रश्न, कोणत्या गावी ? दिवाणी प्रक्रिया संहितेचा दंडक असा की, दावा अधिकार असलेल्या सर्वांत खालच्या न्यायालयात लावावा. खालचे कोणते, हे दाव्याच्या किमतीवरून ठरते, आणि ही मर्यादा वेळोवेळी वाढत आली आहे. जमिनीचा दावा जमीन असेल तेथे. पैशाचा दावा प्रतिवादी राहतो तेथे किंवा दाव्याचे कारण जेथे पूर्णतः वा अंशतः घडले तेथे. वसमतच्या शेतकऱ्याने सांगलीच्या व्यापाऱ्याला हळद दिली, माल वसमतला ताब्यात दिला, पैसेही तेथेच द्यावयाचे ठरले; ते बुडाले तर त्याला सांगली गाठण्याचे कारण नाही. येथे मौज अशी की, वसमतचा दावा पुढे उच्च न्यायालयापर्यंत गेला तर तो छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जाईल, आणि सांगलीचा दावा, १८ ऑगस्ट २०२५ पासून, कोल्हापूरच्या फिरत्या खंडपीठात.

आपल्याकडच्या वृद्धांना या अंतराची किंमत ठाऊक आहे. १९५६ पर्यंत आपला मुलूख हैदराबाद राज्यात, म्हणून अपील हैदराबादेस. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि वाट मुंबईकडे वळली. रेल्वेचे भाडे, मुंबईतला मुक्काम, तेथल्या वकिलाची फी, एवढ्या धास्तीने कित्येकांनी अपीलच केले नाही. औरंगाबादेस न्यायमूर्ती बसू लागले ते २७ ऑगस्ट १९८१ ला, आणि बरोबर तीन वर्षांनी ते खंडपीठ कायम झाले. जिल्ह्याचेही तसेच. हिंगोली परभणीपासून १ मे १९९९ ला वेगळी झाली, पण महसुली जिल्हा झाला म्हणून न्यायाचा जिल्हा त्याच दिवशी होत नाही. पुढे कित्येक वर्षे आपण परभणीच्याच न्यायजिल्ह्यात होतो.

फौजदारीचे थोडक्यात सांगतो. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्याप्रमाणे प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी तीन वर्षांपर्यंत कैद देऊ शकतात, मुख्य न्यायदंडाधिकारी सात वर्षांपर्यंत. खुनासारखे गुन्हे सत्र न्यायालयात चालतात, आणि सत्र न्यायाधीशांनी दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही.

आता जे सांगावयाचे ते काहींना कडू लागेल. वडिलांच्या त्या सहा वर्षांत ज्ञातीचे पंचही बसले होते. त्यांनी जमीन दोघा भावांत निम्मीनिम्मी केली. चुलत्यांनी ते मानले नाही, तेव्हा त्यांच्या घराशी रोटीबेटी बंद करण्याचे ठरले. चुलत बहिणीचे ठरलेले लग्न त्यापायी मोडले. तिचा काय अपराध होता ? आज असे कोणी केले, तर २०१६ च्या सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायद्याखाली तो तीन वर्षांपर्यंतच्या कैदेचा गुन्हा आहे. आपल्या मंडळातील वडीलधाऱ्यांनी दोन भावांना समोरासमोर बसवून समजूत घालावी. त्यास कायद्याची आडकाठी नाही, आणि दोघे राजी असतील तर ती तडजोड लोकअदालतीत नोंदवून घ्यावी. त्या निवाड्यास हुकूमनाम्याचे बळ असते, त्यावर अपील नाही आणि भरलेली कोर्ट फीही परत मिळते. परंतु हुकूम काढण्याचा अधिकार मंडळाला नाही. स्त्रियांना तर, उत्पन्न कितीही असो, विधी सेवा समितीकडून विनामूल्य वकील मिळतो. हे आपल्या भगिनींनी ध्यानात ठेवावे.

शेवटी वडिलांनी वाटणीचा दावा लावला. पहिल्या तारखेस न्यायाधीशांनी विचारले, मृताला मुलगी आहे काय ? आहे, तर ती दाव्यात का नाही ? तहसिलीत नाही, पंचांच्या बैठकीत नाही आणि आमच्या घरातही हा प्रश्न तोवर कोणी विचारला नव्हता. आत्या पक्षकार झाली. १९५६ च्या वारसा कायद्याने आजोबांच्या तिसऱ्या हिश्श्याचे तीन भाग झाले, त्यातला एक तिचा. छत्तीसात चार एकर. दोघा भावांना सोळा-सोळा. पुढे १९९४ साली महाराष्ट्राने व २००५ साली केंद्राने मुलीला जन्मतःच सहदायाद केले. तेव्हा आज अशी वाटणी व्हावयाची असती, तर तिचा वाटा भावांइतकाच निघता.

हुकूमनामा झाला, पण सारा भरणारी जमीन प्रत्यक्ष वाटून देण्याचे काम संहितेच्या कलम ५४ ने जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविले आहे. म्हणून कागद पुन्हा त्याच तहसिलीत आले. त्या दिवशी वडील एकटे गेले नाहीत. आत्या बरोबर होती, आणि मोजणीदाराच्या साखळीचे एक टोक चुलत्यांनी धरले होते.