सैन्याचे संशोधन-अनुदान आणि बीडचा तंत्रज्ञ
(भाषण)



मानवरहित विमान म्हटले की मोठ्या सरकारी प्रयोगशाळा डोळ्यांसमोर येतात. परंतु आपल्या भूसेनेला अशी विमाने पुरविणारी ‘आयडियाफोर्ज’ ही कंपनी २००७ मध्ये मुंबईच्या आयआयटीतून बाहेर पडलेल्या काही तरुणांनी काढली. तिचे ‘नेत्र’ हे चार पंख्यांचे छोटे विमान पुण्याजवळ दिघी येथील संरक्षण संशोधन संस्थेच्या सहकार्याने सिद्ध झाले. जानेवारी २०२१ मध्ये भूसेनेने ‘स्विच’ या विमानांसाठी सुमारे दोन कोटी डॉलरची मागणी याच कंपनीकडे नोंदविली. कंपनीची स्थापना आणि ही मागणी यांत जवळजवळ चौदा वर्षे गेली.

एवढा काळ तग कसा धरावा, हा प्रश्न गरीब घरच्या संशोधकापुढे प्रथम उभा राहतो. त्याला अंशतः उत्तर देणारी ‘आयडेक्स’ योजना संरक्षण मंत्रालयाने एप्रिल २०१८ मध्ये सुरू केली. तिन्ही सेनादले आपल्या अडचणी आव्हानांच्या रूपाने जाहीर करतात आणि निवडलेल्या प्रस्तावास नमुना तयार करण्यासाठी दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. पुढे २०२२ मध्ये ‘आयडेक्स प्राइम’द्वारे ही मर्यादा दहा कोटींपर्यंत आणि मार्च २०२४ मध्ये ‘अदिती’ योजनेद्वारे पंचवीस कोटींपर्यंत नेण्यात आली. नवउद्योग व लघुउद्योग यांबरोबरच व्यक्तिगत संशोधकासही आयडेक्सकडे अर्ज करता येतो. नुसती सुंदर कल्पना मात्र पुरत नाही. सैन्याने मांडलेल्या अडचणीचे उत्तर तीत असावे लागते. वायुदलाने २०१८ मध्ये एअर कमोडोर मेहर सिंग यांच्या नावाने स्पर्धा जाहीर केली, तिचा विषय होता आपत्तिग्रस्तांच्या मदतीसाठी ड्रोनांचा थवा. सप्टेंबर २०२५ मध्ये सिंदफणेचा पूर पाहिलेल्या बीडकरांना या विषयाचे मर्म समजावून सांगावे लागणार नाही.

अडचण आहे ती पैशाच्या अटीत. अनुदान कामाच्या टप्प्यांनुसार हप्त्याहप्त्याने मिळते आणि अर्जदारालाही आपला तुल्य वाटा उभा करावा लागतो. तो गुंतवणूकदाराकडून घेता येतो हे खरे. पण असे गुंतवणूकदार मुंबई-पुण्यात बसतात. ज्याचे आईवडील दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागतात, त्या मुलाने हा वाटा कोठून आणावा? योजनेच्या शिल्पकारांनी या बाजूचा पुरेसा विचार केलेला दिसत नाही.

जागेच्या बाबतीत मात्र बीड भाग्यवान म्हणावे लागेल. २०२१ च्या ड्रोन नियमांनी शैक्षणिक संस्था व मान्यताप्राप्त नवउद्योग यांना संशोधनापुरती मोठी सवलत दिली आहे. हरित क्षेत्रात, स्वतःच्या आवारात किंवा आपल्या ताब्यातील मोकळ्या जागेवर उड्डाण करावयाचे असेल, तर प्रकार-प्रमाणपत्र किंवा वैमानिक परवाना लागत नाही. बालाघाटाच्या माळावर मोकळ्या जागेची वाण नाही. ती रीतसर ताब्यात असणे मात्र आवश्यक आहे. बीड व अंबाजोगाई येथील शासकीय तंत्रनिकेतनांच्या प्राध्यापकांनी नागरी विमान वाहतूक खात्याचा हवाई क्षेत्रांचा नकाशा तपासून प्रयोगाची जागा आधी ठरवावी. ती आवाराबाहेरची असल्यास ताब्याचा करार लेखी करावा आणि उड्डाणाचा दिवस गावच्या सरपंचांना व पोलीस ठाण्याला आगाऊ कळवावा.