धंद्याला गुरू करावा का?

श्रोतेहो, आमच्या गावात एकाचा लाकडी तेलघाणा आहे. परवा तो विचारीत आला, "गुरुजी, शहरातला एक सल्लागार धंदा वाढवून देतो म्हणतो. तीन महिन्यांचे ४० हजार मागतो. देऊ का?"

मी म्हटले, "आधी वही आण." वही आली. तेल किती विकले ते होते; पेंड कितीला गेली, वीज किती जळली, घरच्या माणसांची मजुरी किती, याचा पत्ता नाही. उधारी मात्र पानेच्या पाने! अहो, शेंगदाण्याच्या किमतीतून पेंडीचे पैसे वजा केल्याशिवाय तेल कितीला पडले हे कळणार कसे? एवढे तर कुणी हिशेबनीसही लावून देईल. आणि उधारी ज्याची त्यानेच मागायची. आपली भीड आपल्यालाच मोडावी लागते. तिथे परका काय करणार?

मग सल्लागार धरूच नये का? तसे नव्हे. शहरातल्या दुकानांत माल घालायचा, तर तिथली वाट चाललेला माणूस उपयोगी पडतो. पण सनदी लेखापालांसाठी १९४९चा कायदा आहे. धंद्याच्या सल्लागाराला तसा परवाना लागत नाही. पाटी कुणीही लावावी! तेव्हा त्याने ज्यांचे काम केले, अशा दोन मालकांना आधी गाठावे. पैसे महिन्याच्या महिन्याला द्यावेत. जिल्हा उद्योग केंद्रातही एक खेप घालावी.

घाणेवाल्याने अजून पैसे दिलेले नाहीत. पेंडीची वही मात्र सुरू झाली आहे.