पट्टी बसली, मग वजन का उतरत नाही?

(अजिंठा येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अजिंठ्याच्या परिसरात आहारासंबंधी बोलायचे म्हणजे एके काळी अन्नाच्या तुटवड्यासंबंधीच बोलणे असे. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडून, मिलो आणि सुकडीवर ज्यांनी दिवस काढले, ती माणसे आजही गावोगाव आहेत. त्या पिढीच्या लेखी अंगाने भरलेला माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा माणूस. स्थूलता हा आजार आहे आणि त्यावर शस्त्रक्रियाही करतात, ही गोष्ट तिच्या गळी सहज उतरत नाही. उतरलीच, तर अपेक्षा अशी असते की एवढा खर्च करून पोट बांधून घेतलेला माणूस महिन्याभरात वाळून परत आला पाहिजे. तो तसा आला नाही की पारावर चर्चा सुरू होते. आजचा विषय नेमका त्या पहिल्या काही महिन्यांचा आहे.

हा विषय केवळ शहरी श्रीमंतांचा आहे असा समज असल्यास तो प्रथम दूर केला पाहिजे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांपैकी १८.७ टक्के कृश आढळल्या, तर २४ टक्के अतिवजनी किंवा स्थूल. म्हणजे ज्या गावात अंगणवाडीताई कुपोषित बालकाचे वजन नोंदवतात, त्याच गावात मधुमेह आणि गुडघेदुखीने जेरीस आलेली जड शरीराची माणसेही राहतात. क्वचित एकाच घरात राहतात.

आपल्याकडील चरबीचा प्रश्न नुसत्या डोळ्यांना दिसतो त्याहून अधिक गुंतागुंतीचा आहे, हे पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील संशोधक डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवून दिले. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले गेले. दोघांचाही शरीरभार निर्देशांक, म्हणजे किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, २२.३ असा अगदी सारखा होता. शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के भरली. वजनकाटा सर्व काही सांगत नाही, याचा याहून बोलका पुरावा मिळणे कठीण. याच प्रकारच्या ज्ञानातून आशियाई लोकांसाठी शस्त्रक्रियेच्या मर्यादाही पाश्चात्त्यांपेक्षा खाली आणण्यात आल्या. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार आपल्यासारख्यांच्या बाबतीत निर्देशांक २७.५ च्या पुढे गेला असता शस्त्रक्रियेचा पर्याय समोर ठेवता येतो.

आता प्रत्यक्ष पट्टीकडे वळू. डॉक्टर जिला गॅस्ट्रिक बँड म्हणतात, ती सिलिकॉनची एक पोकळ पट्टी असते. जठराच्या अगदी वरच्या भागाभोवती ती कंकणासारखी बसवतात. तिच्यापासून निघालेली बारीक नळी पोटाच्या त्वचेखाली ठेवलेल्या एका छोट्या डबीला जोडलेली असते. या डबीला पोर्ट म्हणतात. त्वचेतून सुई घालून पोर्टमध्ये मिठाचे निर्जंतुक पाणी भरले की पट्टी आवळली जाते. पाणी काढले की सैल होते. अशी कमीजास्त करता येणारी पट्टी अमेरिकेत लुबोमिर कुझमाक या शल्यविशारदाने १९८६ साली वापरात आणली. दुर्बिणीच्या साहाय्याने, पोट न फाडता ती बसवण्याचे श्रेय बेल्जियममधील मितिकू बेलाच्यू यांच्याकडे जाते. ते साल १९९३. अमेरिकन शासनाने २००१ साली तिला मान्यता दिली.

या रचनेत सर्वांत महत्त्वाची आणि रुग्णाच्या नातेवाइकांना बहुधा कोणी नीट न समजावलेली गोष्ट अशी, की शस्त्रक्रियेच्या दिवशी पट्टी सामान्यतः रिकामी किंवा जवळजवळ रिकामीच ठेवलेली असते. जखम भरून यावी, सूज उतरावी, पट्टी आपल्या जागी स्थिर व्हावी, यासाठी साधारण चार ते सहा आठवडे जावे लागतात. त्यानंतर पहिल्यांदा पाणी भरतात. तेही एकदम भरत नाहीत. थोडे भरून वाट पाहतात, पुन्हा थोडे भरतात. योग्य ताण साधेपर्यंत अनेक खेपा आणि कित्येक महिने लागू शकतात. विहिरीवर पंप बसवला, पण वीजजोडणी अजून मिळायची आहे, तशी ही अवस्था. पंप बसवूनही पाणी का येत नाही म्हणून कोणी पंपाला दोष देत नाही.

पहिल्या महिन्यांत काय घडते ते क्रमाने पाहिले म्हणजे बराच गैरसमज दूर होईल. शस्त्रक्रियेपूर्वी सुमारे दोन आठवडे रुग्णाला अल्प उष्मांकांचा आहार देतात, कारण यकृत आक्रसले की शल्यविशारदाला जागा मिळते. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे मुगाचे पाणी, पातळ ताक, गाळलेले सूप, मग मऊ भात असा क्रम असतो. या काळात काटा झपाट्याने खाली येतो आणि घरात आनंद होतो. परंतु या उतरलेल्या वजनात पाण्याचा वाटा मोठा असतो. यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन नावाने साठवलेली साखर प्रथम खर्च होते आणि तिच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी शरीराबाहेर जाते. पुढे रुग्ण घन आहारावर येतो. साठा पुन्हा भरतो, सूज ओसरल्याने घास सहज उतरतो, भूक परत येते आणि पट्टी अद्याप सैलच असते. काटा थबकतो, कधी किलो-दोन किलो वरही सरकतो. रुग्णाला वाटते, आपणच नालायक. घरच्यांना वाटते, पैसे पाण्यात गेले. वास्तविक या मुक्कामावर शस्त्रक्रियेच्या कामाला अजून सुरुवातही झालेली नसते.

येथे शिक्षकबंधूंना आवडेल असे थोडे गणित करता येईल. एक किलो चरबी म्हणजे अंदाजे ७,७०० किलोकॅलरी. आठवड्याला अर्धा किलो चरबी उतरवायची तर रोज साडेपाचशे किलोकॅलरींची तूट पडली पाहिजे. पट्टी नीट जुळल्यानंतर आठवड्याला अर्धा ते एक किलो हीच अपेक्षित गती मानतात. एक मीटर ५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईचे वजन १०० किलो असेल, तर निर्देशांक २५ धरून तिचे योग्य वजन ६० किलो येते. जादा वजन झाले ४० किलो. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे पॉल ओब्रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३,२२७ रुग्णांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. त्यात १५ वर्षांनंतरही जादा वजनापैकी सरासरी ४७ टक्के वजन उतरलेले राहिल्याचे आढळले. या बाईच्या बाबतीत ते सुमारे १९ किलो भरेल. म्हणजे चांगला परिणाम साधूनही ती ८१ किलोंची असेल आणि तेथे पोचायला तिला दोन-तीन वर्षे लागलेली असतील. गावाच्या नजरेला ती तेव्हाही जाडच दिसेल. तिची साखर, तिचा रक्तदाब, रात्रीचे घोरणे, पायऱ्या चढताना लागणारा दम यांत किती फरक पडला हे मात्र नजरेला दिसत नाही. ओब्रायन यांचे सहकारी जॉन डिक्सन यांनी २००८ साली ६० मधुमेही रुग्णांवरील तुलना मांडली होती. पट्टी बसवलेल्यांपैकी ७३ टक्क्यांचा मधुमेह दोन वर्षांत ओसरला, केवळ नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण १३ टक्के होते.

आहार क्रमाक्रमाने उतरवण्याची कल्पना या भूमीला नवीन नाही. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात श्रावस्तीच्या चमत्काराचा प्रसंग चितारलेला आहे. त्या कथेतील कोसलचा राजा प्रसेनजित याच्या खादाडपणाची हकीकत पाली वाङ्मयात, संयुत्त निकायात आली आहे. द्रोणभर भात खाऊन धापा टाकीत तो बुद्धांकडे आला. मिताहारी माणसाच्या वेदना कमी होतात आणि तो आयुष्य जपत सावकाश वृद्ध होतो, अशा अर्थाची गाथा बुद्धांनी म्हटली. राजाने ती सुदर्शन नावाच्या तरुणाला पाठ करायला लावली आणि रोज जेवणाच्या वेळी म्हणून दाखवण्यास सांगितले. धम्मपदाच्या अट्ठकथेत आणखी बारकावा आहे: शेवटचा घास उचलताना गाथा म्हणायची, राजाने तो घास टाकायचा आणि दुसऱ्या दिवशी तेवढाच तांदूळ कमी शिजवायचा. द्रोणावरून नालिकेपर्यंत राजा उतरला तो असा, एकेका घासाने. पट्टीमध्ये थोडे थोडे पाणी भरत जाणारा आजचा शल्यविशारद याहून फारसे निराळे करीत नाही. फरक इतकाच, की राजाजवळ गाथा म्हणणारा माणूस रोज बसलेला होता.

पट्टीचे काम कसे चालते हेही समजून घेतले पाहिजे. ती अन्नाला अडवण्यासाठी नसून थोड्या अन्नात तृप्ती वाटावी यासाठी असते. लहान घास, भरपूर चावणे, दोन घासांत थोडा वेळ, आणि वाटीभर अन्नावर थांबणे, असे जेवण झाले तर तृप्ती काही तास टिकते. दोन जेवणांच्या मध्ये कडकडून भूक लागत असेल, पूर्वीइतकेच जेवण जात असेल, तर पट्टी सैल आहे. अशा वेळी पाणी भरून घेणे हा उपाय आहे, उपास करणे हा नव्हे. उलट घास अडकणे, उलटी, रात्री खोकला, छातीत जळजळ होत असेल तर पट्टी फार आवळली गेली आहे. येथे एक विचित्र प्रकार घडतो. आवळलेल्या पट्टीतून भाकरी, उसळ, भाजी उतरत नाही. बिस्किटे, आइस्क्रीम, शिरा मात्र सहज उतरतो. त्यामुळे माणूस उलट्या करीत असूनही त्याचे वजन वाढू शकते. ‘वजन उतरत नाही, आणखी आवळा’ असा हट्ट धरणारे रुग्ण या कारणाने अडचणीत येतात.

पातळ पदार्थांना पट्टी अडवूच शकत नाही. एका कपात दोन चमचे साखर, म्हणजे सुमारे ४० किलोकॅलरी. दिवसाला सहा घरी सहा कप चहा झाला की साखरेच्याच २४० झाल्या, दूध वेगळे. अर्धा किलोच्या उद्दिष्टातील जवळजवळ निम्मी तूट एकट्या चहाच्या साखरेने भरून निघाली! उसाचा रस आणि बाटलीतील शीतपेये यांचे हेच. चहाला नको म्हणणे आपल्याकडे उद्धटपणा ठरतो, आणि पंगतीत तर आग्रह हाच पाहुणचार. ‘एक घास माझ्यासाठी’ या प्रेमळ वाक्याने पट्टी बसवलेल्या माणसाला पानावरून उठून उलटीसाठी पळावे लागते, याची आग्रह करणाऱ्यांना कल्पना नसते. सरपंचाने किंवा गुरुजींनी चारचौघांत ‘त्यांना आग्रह करू नका’ एवढे म्हटले तरी त्या माणसाचे जेवण सुखाचे होईल. ‘किती किलो उतरले?’ हा प्रश्नही जितका कमी विचारला जाईल तितके बरे.

या पट्टीची दुसरी बाजू लपवून ठेवणे योग्य होणार नाही. ब्रसेल्स येथील शल्यविशारद जॅक हिम्पेन्स यांनी २०११ साली १२ वर्षांहून जुन्या रुग्णांची पाहणी प्रसिद्ध केली. हाती लागलेल्या ८२ रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या पट्ट्या काढून टाकाव्या लागल्या होत्या. पट्टी घसरणे, जठरात रुतणे, वरची पिशवी फुगणे ही त्यामागची कारणे. त्यामुळे आज ही शस्त्रक्रिया जगभर फार कमी होते. जठराचा मोठा भाग काढून टाकणारी स्लीव्ह आणि अन्नाचा मार्ग बदलणारी बायपास यांनी तिची जागा घेतली आहे. त्यांत पहिल्या वर्षीच वजन वेगाने उतरते. पट्टीवाल्या रुग्णाने आपली तुलना अशा शेजाऱ्याशी करणे म्हणजे बैलगाडीने एस.टी.शी शर्यत लावणे होय. मात्र वेगाचीही किंमत असते. झपाट्याने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो.

मेलबर्नचा परिणाम चांगला आणि ब्रसेल्सचा निराशाजनक, यामागे अनेक कारणे असतील. पण पट्टीचे यश नियमित तपासणीवर अवलंबून असते याबद्दल तज्ज्ञांत दुमत नाही. अजिंठ्याहून छत्रपती संभाजीनगरला जाऊन येण्यात अख्खा दिवस मोडतो. मिरची तोडणीच्या किंवा मका काढणीच्या दिवसांत तो मोडणे जिवावर येते. मग एक खेप चुकते, दुसरी चुकते आणि सैल पट्टी तशीच पोटात राहते. ज्या घरात अशी शस्त्रक्रिया झाली आहे, त्या घरातील कर्त्या माणसाला या खेपांचे महत्त्व पटवून देणे हे काम आरोग्यसेविका आणि पंचायत सदस्य चांगले करू शकतील. रुग्ण शासकीय कर्मचारी असेल तर कार्यालयप्रमुखांनी या रजेकडे आजारपणाची रजा म्हणूनच पाहावे. ‘ऑपरेशन तर केव्हाच झाले’ हे उत्तर येथे गैरलागू आहे.

काही प्रसंगी मात्र खेपेची वाट पाहता येत नाही. थुंकीही गिळता न येणे, सतत उलट्या, पोटात किंवा छातीत तीव्र वेदना, ताप, पोर्टच्या जागी लाली किंवा पू, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठले पाहिजे. पट्टीतील पाणी काढून ती सैल केल्याने अनेकदा मोठे संकट टळते. उलट्या दिवसेंदिवस चालू राहिल्या तर थायमिन या जीवनसत्त्वाच्या अभावी मेंदूला व मज्जातंतूंना इजा पोचू शकते. मधुमेहाची औषधे किंवा इन्सुलिन चालू असेल, तर आहार घटताच मात्राही घटवावी लागते; ती डॉक्टरांना विचारून, आपल्या मनाने नव्हे. गरोदरपणी पट्टी सैल करून घेता येते, म्हणून दिवस राहिल्याचे लवकर कळवावे. पट्टी कोणत्या बनावटीची, पोर्ट कोणत्या बाजूला, शेवटचे पाणी केव्हा व किती मिलिलिटर भरले, या नोंदींचा कागद पेटीच्या तळाशी न ठेवता आधारपत्राबरोबर खिशात किंवा पिशवीत असावा. रात्री-अपरात्री अनोळखी रुग्णालयात पोचलेल्या रुग्णासाठी डॉक्टर पहिल्याने तोच मागतात.